विद्यार्थ्याची ओढ व तिची पारख

वाचनाचे भाग: निर्गम ३१:१–११ व ३५:३०–३५, यिर्मया १८:१–६, लूक १४:२८–३०.

पाठाचा उद्देश: महाविद्यालयात एक विषय घेऊन शिकत असलेला मुलगा किंवा मुलगी तो विषय सोडून एखाद्या कलेकडे वळू पाहते, तेव्हा आईबापांनी, उपदेशकांनी व मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी काय करावे, ह्याचा विचार करणे.

१. प्रस्तावना

परीक्षांचे निकाल लागले म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातील घराघरांत एकच बोलणे ऐकू येते. मुलाला कोठे घालावे? ज्यांना थोडेफार साधते ते मुलाला लातुरास पाठवितात. लातूर हे १९८२ सालच्या ऑगस्टपर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. आता ते डॉक्टरीच्या प्रवेशपरीक्षेच्या शिकवण्यांसाठी सगळ्या राज्यात प्रसिद्ध आहे. ज्यांना तेवढे साधत नाही ते जवळच्या महाविद्यालयात शास्त्रशाखेत नाव घालतात व नोकरीची आशा धरतात. ह्या आशेपायी कोणी बैलजोडी विकलेली असते, कोणी सोसायटीचे कर्ज काढलेले असते, कोणाच्या बायकोची सोन्याची पोत गहाण पडलेली असते. अशा घरातील मुलगा दुसऱ्या वर्षी घरी येऊन म्हणतो, "मला हे शिकावयाचे नाही, मला चित्रे काढावयाची आहेत," तेव्हा त्या घरावर जणू वीज पडते.

हा प्रसंग आम्ही प्रत्यक्ष पाहिला आहे, आणि त्यात आमच्या हातून चूक झाली, हे प्रथमच कबूल करतो. जिल्ह्याच्या एका लहान गावी आमच्या मंडळीत एक कोरडवाहू शेतकरी आहेत. त्यांचा थोरला मुलगा रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात होता. तो परीक्षेपूर्वी घरी आला व आपण चित्रकलेच्या महाविद्यालयात जाणार असे म्हणाला. बाप रात्रीच आमच्याकडे आले. "पाळकसाहेब, तुमचे तो ऐकेल. तुम्हीच त्याला चार गोष्टी सांगा," असे म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलाला समोर बसवून आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेवर तासभर बोललो. तो मान खाली घालून ऐकत राहिला व शेवटी एवढेच म्हणाला, "साहेब, तुम्ही माझे एकही चित्र पाहिलेले नाही." त्यानंतर तीन रविवार तो उपासनेस आला नाही.

त्याचे म्हणणे खरे होते. आम्ही न पाहताच न्याय केला होता. चौथ्या आठवड्यात त्याच्या आईने एक गाठोडे आमच्यापुढे आणून ठेवले. त्यात जुन्या वह्या होत्या, आणि त्यांच्या प्रत्येक कोऱ्या बाजूस पेन्सिलीची रेखाटने होती. आठवड्याच्या बाजारातील बैल, हातपंपावरील बाया, खळ्यावर सोयाबीन मळणारी माणसे, ओट्यावर निजलेला आजा. एकेका बैलाचे खूर दहा दहा वेळा काढलेले होते. आई म्हणाली, "तीन वर्षं झाली, एक दिवस खाडा नाही." ते गाठोडे पाहून आम्हांस जे सुचले तेच ह्या पाठात मांडीत आहोत.

२. पवित्र शास्त्रातील कारागीर

निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात देव मोशेला एका माणसाचे नाव घेऊन सांगतो. तो माणूस भविष्यवादी नव्हता, याजक नव्हता, सेनापतीही नव्हता. यहूदा वंशातील बसालेल हा कारागीर होता. सोने, रुपे व पितळ घडविणे, रत्ने पाडणे व लाकूड कोरणे ही त्याची कामे. आणि ह्याच कामांसाठी त्याला आत्म्याने भरले, असे तेथे लिहिले आहे. दान वंशातील अहलियाब हा त्याचा सोबती. म्हणून कलेचे काम हे पोटभर खाऊन झाल्यावरचा रिकामा उद्योग आहे, असे जे कोणी समजतात त्यांनी हा अध्याय पुन्हा वाचावा.

परंतु येथे दोन गोष्टी विशेष ध्यानात घ्याव्या. पहिली ही की, त्या माणसांना ओढीबरोबर कौशल्यही दिले होते. हातात कसब नसता केवळ मनास वाटले म्हणून ते उभे राहिले नाहीत. दुसरी गोष्ट पस्तिसाव्या अध्यायात आहे. दुसऱ्यांस शिकविण्याची बुद्धीही त्यांना दिली होती. त्यांचे कसब त्यांच्याजवळच राहिले नाही, तर सगळ्या लोकांच्या कामी आले.

३. ही भूमी कारागिरांची आहे

कोणी म्हणेल, हे इस्राएलाचे झाले. आपल्या रुक्ष मुलखात चित्रे नि मूर्ती कोण पाहतो? अशा बंधूने एकदा तेरणेकाठच्या तेर गावी जावे. हे गाव पूर्वी तगर ह्या नावाने ओळखले जाई, आणि सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक भाषेतील समुद्रप्रवासाच्या ग्रंथात त्या व्यापारी शहराचा उल्लेख आहे. तेथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहनकाळच्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती ठेवल्या आहेत. तेथे सापडलेली हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती तर इटली देशातील पाँपेई शहराच्या अवशेषांत मिळालेल्या मूर्तीची बहीण शोभावी अशी आहे. ज्या मातीत आपण तूर व ज्वारी पेरतो, त्याच मातीला कोणी तरी बोटांनी आकार दिला, आणि त्या बोटांना कोणी तरी शिकविले होते.

त्याच गावी संत गोरोबा कुंभारांची समाधी आहे. चाकावर माती घालणारा माणूस आपल्या मुलखात मोठा मानला गेला, हे आपल्या शेजाऱ्यांस सांगावे लागत नाही. यिर्मयाच्या अठराव्या अध्यायातही देव आपल्या सेवकाला बोध घेण्यासाठी कुंभाराच्याच घरी पाठवितो. तेथे त्याला काय दिसले? चाकावरचे एक भांडे हातात बिघडले, तेव्हा कुंभाराने माती फेकून दिली नाही. त्याच मातीचे दुसरे भांडे केले. ज्या बापास वाटते की मुलाची दोन वर्षे मातीत गेली, त्याने हे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. माती तीच राहते. आकार दुसरा होतो.

४. आंजेलो फोन्सेका ह्यांचे उदाहरण

आता एका खऱ्या विद्यार्थ्याचे चरित्र सांगतो. आंजेलो दा फोन्सेका ह्यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव्ह ह्या गावी एका सुखवस्तू रोमन कॅथलिक कुटुंबात झाला. गोव्यावर त्या वेळी पोर्तुगिजांचे राज्य होते. मुलाने डॉक्टर व्हावे हा त्या काळीही मानाचा मार्ग होता, आणि आंजेलो मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकू लागले. परंतु त्यांचे मन चित्रांत होते. त्यांनी वैद्यकाचा अभ्यास सोडला व मुंबईच्याच सर जे. जे. कलाशाळेत नाव घातले. ही शाळा १८५७ साली स्थापन झालेली, सरकारमान्य व नावाजलेली. तेथे टिकले असते तर पुढचा रस्ता सरळ होता.

पण तेथेही ते थांबले नाहीत. त्या शाळेतील शिक्षण युरोपीय धर्तीचे होते, आणि त्यांना आपल्या देशाची चित्रपद्धती शिकावयाची होती. म्हणून ते बंगालात शांतिनिकेतनास गेले. अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस ह्यांनी जी हिंदी चित्रकलेची नवी परंपरा उभारली होती, तिच्यात राहून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून हात वळविला. येथे वाचकांनी जरा थांबावे. पहिल्यांदा त्यांनी मानाचा धंदा सोडला. दुसऱ्यांदा सोयीची शाळा सोडली. जो केवळ कष्टांस कंटाळून विषय बदलतो तो सोप्याकडे जातो. फोन्सेका दोन्ही वेळा अधिक कठीण वाटेने गेले.

पुढे ते गोव्यास परतले व ख्रिस्ती विषयांवर चित्रे काढू लागले. त्यांच्या चित्रांत मरीया साडी नेसलेली आहे, तिचा वर्ण आपल्या बायांसारखा सावळा आहे, आणि तिच्या मांडीवरील बाळ आपल्याच गावच्या ओसरीवरचे वाटते. आज आपणांस ह्यात काही वावगे दिसणार नाही. परंतु त्या काळच्या गोव्यातील पुष्कळ लोकांस ते रुचले नाही. पवित्र व्यक्ती म्हणजे युरोपीय चेहऱ्याच्याच, अशी त्यांची दृष्टी बनलेली होती. आपल्याच लोकांनी नाकारल्यावर फोन्सेकांनी गोवा सोडले.

त्यांना आसरा मिळाला तो पुण्यास, शिवाजीनगरातील ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात. जॅक विन्स्लो ह्या इंग्रज पाळकांनी १९२२ साली जो ख्रिस्त सेवा संघ काढला, त्यातून हा आश्रम पुढे आला. तो अँग्लिकन मंडळीचा, आणि फोन्सेका तर रोमन कॅथलिक. तरी त्या आश्रमाने त्यांना राहावयास जागा व काम करावयास शांतता दिली. दुसऱ्या बाजूने मुंबईचे इतिहाससंशोधक फादर हेरास ह्या जेझुइट गृहस्थांनीही त्यांना उत्तेजन दिले. आयुष्याचा पुष्कळ काळ त्यांनी ह्या आश्रमात साधेपणाने घालविला, आणि १९६७ सालच्या डिसेंबरात पुण्यासच त्यांचे देहावसान झाले. धन त्यांना फारसे मिळाले नाही, कीर्तीही बहुतांशी मागाहून आली. त्यांच्या पत्नीने जपून ठेवलेली चित्रे आता गोव्यात पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत, आणि ज्या गोव्याने त्यांना दूर सारले तोच आता त्यांना आपला म्हणतो.

ह्या चरित्रातून एकच गोष्ट घ्यावी. ओढ खरी की खोटी हे तिच्या आवाजावरून कळत नाही; ती किती श्रम सोसते ह्यावरून कळते. पहिल्या महिन्याचा उत्साह सर्वांसच असतो. नाकारले गेल्यावर, पैसा नसता, कोणी वाहवा करीत नसता जो हात थांबत नाही, त्या हाताच्या मागे काही खरे आहे असे समजावे.

५. सर्वांची वाट एक नसते

तथापि फोन्सेकांप्रमाणे अर्ध्यातून सोडणे हीच एक रीत आहे, असा अर्थ कोणी घेऊ नये. डॉ. श्रीराम लागू ह्यांचा जन्म १९२७ साली साताऱ्यास झाला. त्यांना महाविद्यालयातच नाटकाची ओढ लागली होती. परंतु त्यांनी पुण्यास वैद्यकाचे शिक्षण पूर्ण केले, नाक-कान-घशाचे शस्त्रवैद्य झाले, आफ्रिकेतही काम केले, आणि १९६९ साली, चाळिशी उलटल्यावर, सर्व वेळ रंगभूमीस दिला. डॉ. जब्बार पटेल ह्यांनी तिसरी रीत पत्करली. ते मुलांचे डॉक्टर म्हणून दौंडास रोगी तपासीत, आणि त्याच काळात नाटके व चित्रपट दिग्दर्शित करीत.

आणखी एक उदाहरण आपल्या अगदी शिवेजवळचे आहे. परांडा तालुक्याला लागून करमाळा तालुका आहे. तेथील जेऊर गावचे नागराज मंजुळे पुणे विद्यापीठात मराठी विषय घेऊन एम. ए. झाले, आणि त्यानंतर अहमदनगरास (आताच्या अहिल्यानगरास) संज्ञापनशास्त्राच्या वर्गात पुन्हा विद्यार्थी म्हणून बसले. तेथे शिकत असता त्यांनी 'पिस्तुल्या' हा लहान चित्रपट केला व त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे 'फँड्री' व २०१६ साली 'सैराट' हे त्यांचे चित्रपट सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. गरिबीतील व उपेक्षित समाजातील मुलाच्या ओढीस किंमत नसते, असे म्हणणाऱ्यास हे उत्तर पुरे आहे. मात्र अशा नावाजलेल्या एकामागे कित्येक अनाम राहतात, हेही मुलांस खरेपणाने सांगावे. प्रसिद्धीच्या आशेने वळणाऱ्यास परत पाठवावे. कामाच्या प्रेमाने वळणाऱ्याचे ऐकून घ्यावे.

६. खर्चाचा हिशेब

लूकाच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधणाऱ्याचा दाखला आहे. तो आधी बसून खर्च मोजतो. तसेच आमच्या मुलांनीही बसून मोजावे, आणि उपदेशकांनी त्यांच्याजवळ बसावे. पुढील गोष्टी माहीत असाव्या.

(अ) शाळेत असतानाच मुलांनी शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी व इंटरमिजिएट, द्याव्या. त्यांचे दहावीस वाढीव गुण मिळतात, आणि हात कसा आहे ह्याची पहिली परीक्षा तेथेच होते.

(आ) बारावीनंतर चित्रकलेची पदवी, बी. एफ. ए., चार वर्षांची असते, आणि तिच्यासाठी राज्याची सामायिक प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. शासकीय कलामहाविद्यालय आपल्या मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर येथे आहे. नागपूर येथेही आहे. खाजगी संस्थेपेक्षा तेथील शुल्क पुष्कळ कमी असते. म्हणून प्रथम तेथेच प्रयत्न करावा.

(इ) चित्रकलाशिक्षकाचा पदविका अभ्यासक्रमही आहे. ज्याला गावाजवळ राहून पोट भरावयाचे आहे त्याने ह्या वाटेस कमी लेखू नये; बसालेलासही शिकविण्याची बुद्धी दिलेली होती.

(ई) २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाप्रमाणे पदवी मध्येच सोडणाऱ्याची केलेली वर्षे अगदी फुकट जाऊ नयेत अशी सोय केली आहे. एक वर्ष पुरे केल्यास प्रमाणपत्र व दोन वर्षे पुरी केल्यास पदविका मिळण्याची तरतूद आहे, आणि मिळविलेली श्रेयांके जमा ठेवण्यासाठी शैक्षणिक श्रेयांक पेढीही आहे. म्हणून परीक्षा तोंडावर असता रागाने कॉलेज सोडू नये. हातातील वर्ष पुरे करावे.

(उ) शिष्यवृत्ती मिळत असेल तर विषय बदलल्यावर ती चालू राहील की नाही, हे नाव काढण्यापूर्वी महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारून घ्यावे. मागाहून विचारणाऱ्यास फार पश्चात्ताप होतो.

(ऊ) घरावर असलेले कर्ज मुलाने आकड्यानिशी जाणून घ्यावे. बाप मुलापासून कर्ज लपवितो आणि मुलगा बापापासून वही लपवितो; दोघेही प्रेमानेच लपवितात, आणि त्यानेच घर फुटते.

७. उपदेशकांस चार शब्द

प्रिय बंधूंनो, गावातील बाप तुमच्याकडे येतो तो बहुधा मुलाला दटवून घेण्यासाठी येतो. त्याच्या भीतीचा मान राखा. ती भीती लोभाची नव्हे, भुकेची आहे. ज्याने दुष्काळात चारा-छावणीवर गुरे बांधून रात्री काढल्या आहेत, त्याला महिन्याचा पगार म्हणजे काय हे ठाऊक असते. परंतु न पाहता निवाडा करू नका. मुलाला म्हणा, "बाळ, काय केलेस ते दाखव." दाखविण्यासारखे काही नसेल तर त्याला प्रेमाने सांगा की, वर्षभर रोज काम कर, मग बोलू. दाखविण्यासारखे असेल तर बापाला ते दाखविण्याचे काम तुमचे. आणि मुलगी असेल तर तिचे गाठोडे दुप्पट काळजीने उघडा. कारण मुलीची ओढ पुष्कळ घरांत लग्नाच्या बोलण्याखाली दबून जाते व ती तीन रविवार गैरहजर राहूनही कोणास कळवू शकत नाही.

आमच्या मंडळीतील त्या घरी पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. आम्ही प्रथम त्या मुलाची क्षमा मागितली. मग एका संध्याकाळी ते गाठोडे घेऊन बापाच्या ओसरीवर बसलो. बाप बराच वेळ पाने उलटीत होते. आजाच्या चित्रापाशी ते थांबले. आजा दोन वर्षांपूर्वी वारले, आणि घरात त्यांचे एकही छायाचित्र नव्हते. "हे कधी काढलेस?" त्यांनी विचारले. मुलगा म्हणाला, "आबा, तुम्ही पंपावर पाणी द्यायला गेला होता त्या दुपारी." बाप आणखी काही बोलले नाहीत, पण त्यांनी ते पान वहीतून वेगळे करून जपून ठेविले.

त्यांच्यात ठरले ते असे. मुलाने दुसरे वर्ष पुरे करावे, ते त्याने केले. कर्जाचा आकडा बापाने त्याला सांगितला. प्रवेशपरीक्षेस बसण्यास परवानगी दिली, आणि शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली तरच जावयाचे, असा शब्द मुलाकडून घेतला. सुट्टीत तो आजूबाजूच्या गावांतील दुकानांच्या पाट्या रंगवितो व मिळकत आईच्या हाती देतो. परीक्षा अजून व्हावयाची आहे. निकाल काय लागेल हे देवास ठाऊक. आम्ही येथे यशाची गोष्ट सांगत नाही. परंतु त्या घरात बाप व लेक पुन्हा एका ताटात जेवू लागले आहेत, आणि रविवारी तो मुलगा मागच्या चटईवर बसतो, हे आम्ही पाहिले आहे.

८. विचारासाठी प्रश्न

१. बसालेलास कोणकोणत्या कामांसाठी बुद्धी दिली होती? त्यांपैकी कोणती कामे आज आपल्या गावात चालतात?

२. फोन्सेका ह्यांनी दोनदा शाळा सोडली. तो आळस नव्हता हे कशावरून ओळखावे?

३. डॉ. लागू ह्यांची रीत आणि फोन्सेका ह्यांची रीत ह्यांत कर्ज असलेल्या घरास कोणती अधिक मानवेल? का?

४. आपल्या मंडळीत कोणाच्या घरी असे न उघडलेले गाठोडे आहे काय? ते पाहावयास कोण जाईल, आणि केव्हा?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर सभेत द्यावयाचे नाही. पुढील रविवारच्या आत त्या घरी जाऊन द्यावयाचे आहे.